आजींचा फोटो आणि दुर्गाघाटची खिडकी

काशीला दुर्गाघाटावर माझ्या मावशीचं सासर आहे. गेल्या मार्गशीर्षात चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि दहा दिवस राहिले. आईला वाटलं, पोरीला गंगेचा लळा लागला. खरं कारण होतं मावशीच्या माजघरातली एक भिंत.

त्या भिंतीवर चार फोटो आहेत. पहिला मावशीच्या आजेसासऱ्यांचा. डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा काळा कोट, शेजारी तिपाईवर दोन जाडजूड पोथ्या. कागद पिवळा पडलाय, पण मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. दुसरा सासऱ्यांचा, हौसेनं स्टुडिओत जाऊन काढलेला. गालावरचा तीळसुद्धा दिसतो. तिसऱ्यापासून घसरण सुरू होते. चुलतसासूबाईंचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलाय. त्यांच्या खांद्याला चिकटून दुसऱ्याच कुणाच्या शालूचा काठ तसाच राहिलाय. आणि चौथा मावशीच्या धाकट्या दिरांचा. २०२१ च्या मे महिन्यात ते करोनानं गेले. तेराव्याला फोटो हवा होता, दुकानं बंद होती, हाताशी लागला तो आधार कार्डावरचा. तोच वाढवला. ज्यांच्या बोलण्यानं अख्खी गल्ली हसायची, ते काका त्या फोटोत कुणी पकडून आणून उभे केल्यासारखे दिसतात.

मावशीच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. रोज पूजा झाली की भिंतीपाशी येतात, तीन फोटोंना हात जोडतात आणि चौथ्याकडे न बघता मागे फिरतात. मी एकदा न राहवून विचारलं. म्हणाल्या, "तो नव्हेच गं तो." मग थोडं थांबून, "माझं असं करू नका. मी आहे तोवर काढून घ्या. मला दाखवा. पसंत पडला तर ठेवा."

"सकाळी सकाळी काय हे अभद्र बोलणं!" म्हणून मावशी स्वयंपाकघरात निघून गेली आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही. पण आजींनी विषय सोडला नाही. त्यांचा नातू, म्हणजे माझा मावसभाऊ, संध्याकाळी गल्लीतल्या मुलामुलींचे स्थळांसाठी लागणारे फोटो काढतो. "तू जगाचे फोटो काढतोस, माझा काढ." आता याला काय उत्तर असणार?

पत्रकारितेच्या पदविकेला असताना आम्हाला फोटोग्राफीचा एक पेपर होता. तेवढ्या भांडवलावर मी मदतीला उभी राहिले.

मावसभावाकडे एक रिंगलाइट होता. हल्ली सगळीकडे मिळतो तो, गोल कडं, मधे मोबाइल अडकवायचा. आजींना समोर बसवलं, कडं पेटवलं आणि धडाधड दहा फोटो काढले. कपाळावर तेलाचा थेंब सांडल्यासारखी चमक, नाक चपटं आणि चश्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पांढरी बांगडी. डोळे नाहीतच. आजींनी मोबाइल हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "ही कोण म्हातारी?" म्हणाल्या आणि परत दिला.

घरात उजेड कुठे आहे?

ज्यांनी काशीची ही बाजू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दुर्गाघाट हा पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मधला घाट. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास इथली जागा मच्छीमारांकडून विकत घेऊन दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट बांधले. घाटावर ब्रह्मचारिणी देवीचं देऊळ आहे. मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ती दगडी, उंच, एकमेकांना टेकलेली आहेत. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. उजेड यायचा तो मधल्या चौकातून, विहिरीत यावा तसा वरून खाली. त्यामुळे दिवसाही घरात ट्यूब लागलेली असते.

गच्चीवर उजेड भरपूर, पण तिथे वानरांचं राज्य. पहिल्याच दिवशी मी पांढरी चादर वाळत घातली होती, ती पंधरा मिनिटांत शेजारच्या घुमटीवर गेली. गच्चीचा विचार सोडला.

मग एका दुपारी मावसभाऊ जुना, काच तडकलेला मोबाइल घेऊन आला. त्यात काकांचा काही चांगला फोटो मिळतो का, हे आम्ही बघत होतो. लग्नं, मुंजी, गणपती, सगळीकडे काका कुणाच्या तरी मागे उभे किंवा फ्लॅशनं पांढरे पडलेले. आणि मधेच एक फोटो निघाला. कुणी, कशासाठी काढला ते कुणालाच आठवेना. काका वरच्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून मटार सोलतायत. मान किंचित वळलेली, ओठांत हसू, बोलता बोलता थांबल्यासारखं. एका गालावर खिडकीचा उजेड, दुसरा गाल सावलीत, पण काळा नाही. मागची खोली शांत, अंधारी. फोटो थोडा हललाय. पण ते काका होते. मावसभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, ही खिडकी तर घरातच आहे की."

वर जाऊन पाहिलं. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम तीरावर आहेत, म्हणजे घाटाकडच्या खिडक्या पूर्वेला उघडतात. सकाळी त्यांतून थेट ऊन येतं, डोळे दिपवणारं. हे ऊन फोटोला वाईट. पण सूर्य डोक्यावरून घराच्या मागे गेला की त्याच खिडकीतून फक्त आभाळाचा उजेड येतो. समोर घर नाही, झाड नाही, नदीचं पात्र आणि पलीकडची मोकळी रेती. दीड-दोन वाजल्यापासून चारपर्यंत त्या खोलीत जो उजेड असतो तो विकत घ्यायचा म्हटलं तर परवडणार नाही.

जुने स्टुडिओवाले हेच करत. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओच्या छताला किंवा भिंतीला उत्तरेच्या बाजूनं मोठी काच बसवत, कारण आपल्याकडे उत्तरेकडून सहसा थेट ऊन येत नाही. काचेखाली पडदे असत, ते ओढून उजेड कमी-जास्त करत. फोटोला काही सेकंद लागत, म्हणून मान हलू नये यासाठी मागून लोखंडी टेकू लावत. आजेसासऱ्यांच्या चेहऱ्यावरचा करारीपणा थोडा त्या टेकूचाही असणार, असं मी म्हटलं, तर आजी म्हणाल्या, "नाही, ते तसेच होते."

तुमच्या घरी पूर्वेची खिडकी असेल तर दुपारनंतर बसा, पश्चिमेची असेल तर सकाळी, उत्तरेची असेल तर जवळजवळ दिवसभर. दक्षिणेची असेल तर पांढरा पातळ पडदा लावा.

उजेड मऊ कशानं होतो?

ही एकच गोष्ट नीट कळली की बाकीचं आपोआप सुचतं. चेहऱ्यावर सावल्या कडक पडणार की मऊ, हे दिवा किती प्रखर आहे यावर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर तो किती मोठा दिसतो, यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आपल्याला टिकलीएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे तीळभर दिवा, नाकाची सावली गालावर सुरीनं कापल्यासारखी. तीन फूट रुंद खिडकीजवळ तीन फुटांवर बसलं की खिडकी हा मोठा दिवा. तीच खिडकी बारा फुटांवर गेली की लहान दिवा.

दुसरं, उजेड अंतरानं फार वेगानं कमी होतो. दिवा दोन फुटांवरून चार फुटांवर नेला तर चेहऱ्यावर निम्मा नव्हे, पाव उजेड उरतो. याचा फायदा असा की माणूस उजेडाजवळ आणि मागची भिंत लांब ठेवली की भिंत आपोआप अंधारात जाते. भिंतीवरचं कॅलेंडर, विजेचं बटण, खुंटीवरची पिशवी काही दिसत नाही. वेगळा पडदा लागत नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. माणसाचं तोंड सरळ खिडकीकडे केलं तर चेहरा पोळीसारखा सपाट दिसतो. खिडकी अगदी बाजूला घेतली तर अर्धा चेहरा गायब आणि वय झालेल्या माणसाच्या प्रत्येक सुरकुतीत सावली. या दोन्हींच्या मधे, नाक खिडकीपासून साधारण अर्ध्या काटकोनात, ही जागा बहुतेकांना बरी दिसते. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां चेहरे रंगवताना सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण ठेवी, फोटोग्राफर अजून त्या पद्धतीला त्याचंच नाव देतात. आणि डोळ्यांत बघा. बुबुळावर वरच्या बाजूला खिडकीचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर फोटोतला माणूस थकलेला वाटतो.

हे सगळं आम्ही आजींवर नाही, नारळावर शिकलो. शेंडीचा नारळ तांब्यावर ठेवायचा आणि त्याभोवती फिरायचं. तो कंटाळत नाही, त्याचा चहा होत नाही. स्टुलावर नारळ, समोर दोन शहाणी माणसं गंभीरपणे फोटो काढतायत, हे बघून मावशीचा रुसवा निम्मा गेला.

सरस्वतीबाईंची चादर

खिडकीकडचा गाल छान दिसत होता, पलीकडचा फार काळा पडत होता. तिथे पांढरी वस्तू धरायची. बाकी काही नाही. खिडकीचा उजेड त्या वस्तूवर आपटून सावलीच्या बाजूला परत येतो. बाजारात यासाठी घडीची चांदीरंगी चकती मिळते, पण स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा सनबोर्ड किंवा चार घड्यांची चादर तेच काम करते. चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर धरा, फोटोत येणार नाही इतपतच लांब. फार जवळ नेली तर दोन्ही गाल सारखे होऊन पुन्हा पोळी. चहाच्या पाकिटाच्या चांदीचा कागद चिकटवला तर उजेड जास्त येतो, पण कडक येतो. वयस्कर चेहऱ्याला साधी पांढरीच बरी.

ही युक्ती मराठी घरातली म्हणायला हरकत नाही. दादासाहेब फाळके १९१२-१३ मध्ये दादरला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित करत होते तेव्हा सगळी मदार उन्हावर होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहत, नटांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या उजळाव्यात म्हणून, असं सांगतात. शिवाय तिथल्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. चित्रपट ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. फाळके त्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते, म्हणजे उजेडाचा अभ्यास जुनाच. पुढे चित्रपटधंद्याला कंटाळून ते काही काळ काशीला येऊन राहिले होते, आणि 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी तिथेच लिहिलं. ही गोष्ट मी मावशीला सांगितली. तिनं तेव्हा नुसतं "हं" केलं, पण दुसऱ्या दिवशी चादर धरायला ती स्वतःहून आली.

संध्याकाळचा स्टुडिओ

आजींचं काम खिडकीवर भागणार होतं. मावसभावाचं भागणार नव्हतं. त्याची गिऱ्हाइकं संध्याकाळी सहानंतर येतात, तेव्हा खिडकीत काळोख. त्यासाठी आम्ही खोटी खिडकी बनवली, आणि तिचा खर्च हजाराच्या आत बसला. यातली बरीच वस्तू घरातलीच होती हे कबूल करते.

कार्तिकभर या भागात बांबूच्या टोकाला टोपलीत आकाशदिवे टांगतात. मावशीच्या गच्चीवरचा बांबू महिना संपल्यामुळे मोकळा होता. तो खोलीत आडवा बांधला आणि त्यावरून एक धुतलेलं पांढरं धोतर सोडलं, चार फूट रुंद आणि पाच फूट लांब दिसेल असं. धोतरामागे दोन-अडीच फुटांवर पंधरा-पंधरा वॉटचे दोन एलईडी बल्ब, एक वर, एक जरा खाली. बल्ब पेटवले की सगळं धोतर उजळतं, आणि माणसाला तीच मोठी खिडकी वाटते. धोतर जितकं बल्बपासून लांब तितका उजेड सारखा पसरतो. अगदी जवळ आणलं तर मधे दोन पांढरे चट्टे दिसतात आणि मोठा दिवा पुन्हा लहान होतो. धोतर नसेल तर पांढरी मलमल घ्या. निळसर झाक असलेली, नीळ घातलेली चादर नको. चेहरा आजारी दिसतो.

बल्ब घेताना खोक्यावरचे दोन आकडे वाचा. एक, रंगाचा. ६५०० के लिहिलेला पांढरा, २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळा. कोणताही चालेल, पण सगळे एकाच जातीचे हवेत आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद हवेत. एका गालावर पांढरा आणि दुसऱ्यावर पिवळा उजेड पडला की कुठलाही मोबाइल तो फोटो दुरुस्त करू शकत नाही. मावसभावाच्या जुन्या फोटोंत मुली एका बाजूनं हिरवट दिसत, त्याचं कारण हेच, वरची ट्यूब चालू राहिलेली. दुसरा आकडा सीआरआय. रंग किती खरे दिसतील त्याचा तो माप, जास्तीत जास्त शंभर. साधे बल्ब ऐंशीच्या आसपास असतात, नव्वदच्या वरचा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. कातडीचा आणि पैठणीचा रंग त्यात फसत नाही.

स्वस्त बल्बची आणखी एक खोड. आपल्याकडची वीज पन्नास आवर्तनांची, त्यामुळे काही बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, मोबाइलला कळतं, फोटोत आडवे पट्टे येतात. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा बल्बवर धरून बघा. पट्टे पळताना दिसले तर दुसरा मागा. घरी आणलाच असेल तर कॅमेऱ्यात वेग एक छेद पन्नास किंवा एक छेद शंभर सेकंद ठेवा, पट्टे जातात.

एक गोष्ट मात्र रागावून सांगते. कापडामागे दिवा लावायचा तो एलईडीच. जुना तारेचा बल्ब किंवा लग्नात व्हिडिओवाले वापरत तो हॅलोजन कापडाजवळ नेऊ नका, पेट घेतो. एलईडीसुद्धा कापडाला टेकवू नका. वायर जोडलेली, उघडी नको. होल्डर, पिन आणि वायर वायरमनकडून एकदा नीट करून घ्या, शंभर-दोनशे रुपये जातील. दिवा उभा करायचा असेल तर पायाशी दोन विटा किंवा तांदळाचा डबा ठेवा. घरात लहान मूल असेल तर वायर भिंतीकडेनं न्या.

चश्मा, नाक आणि हसू

चश्म्याचा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त छळत होता. आजी चश्म्याशिवाय फोटो काढायला तयार नव्हत्या. "चश्म्याशिवाय मला कोण ओळखेल?" बरोबरच आहे. उपाय असा, उजेड चेहऱ्यापेक्षा थोडा वर घ्यायचा. खिडकी वर नेता येत नाही, म्हणून आजींना खुर्चीऐवजी बुटक्या चौरंगावर बसवलं आणि खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड सतरंजीनं झाकला. तरी एका काचेत चमक राहिली. मग चश्म्याच्या काड्या कानांवर बोटभर उचलल्या. काचा किंचित खाली झुकल्या, चमक गेली, फोटोत काही कळत नाही.

खिडकीला वानरांसाठी लोखंडी जाळी होती. तिची सावली चेहऱ्यावर पडेल अशी मला भीती होती, पण ऊन थेट नसल्यामुळे पडली नाही. सकाळी मात्र त्याच जागी आजींच्या गालावर चौकटी उमटल्या होत्या.

मोबाइल घेऊन तोंडाजवळ जाऊ नका. दोन फुटांवरून कुणाचंही नाक मोठं आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागे सरका आणि दुसरी, लांबचं बघणारी भिंग असेल तर ती वापरा. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, मग उजेडाची खूण किंचित खाली ओढा. पांढरे केस आणि फिकट लुगडं असेल तर हे फार गरजेचं, नाहीतर केसांचा कापूस होतो. मागची बाजू आपोआप पुसट करणारी सोय बंद ठेवा, ती कानाजवळचे मोकळे केस आणि चश्म्याची काडी खाऊन टाकते. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा. फोटो काढणाऱ्याचा हात कापला की सगळी मेहनत फुकट.

सातव्या दिवशी, जेवणं आटोपल्यावर, आजी बसल्या. मोतिया रंगाचं नऊवारी, कानांत आईकडच्या मोत्यांच्या कुड्या. खिडकी डाव्या हाताला, उजव्या बाजूला मावशी चादर धरून. मावसभाऊ सारखा "आजी, हसा ना" म्हणत होता आणि आजी जास्तच ताठ होत होत्या. असं कुणी सांगून हसत नसतं. मी विचारलं, काका वानराशी काय बोलले होते म्हणे? मग आजींनी ती गोष्ट सांगितली. शेजारच्या वकिलांचा चश्मा वानरानं पळवला, काका केळं घेऊन छपरावर गेले आणि त्याला म्हणाले, "भैया, केस तर तुम्ही जिंकलीत, पण कागद कोण वाचणार?" गोष्ट सांगताना आजी हसल्या, मावशी हसली, चादर हलली, मावसभावानं चाळीस फोटो काढले. शेवटी आजी गप्प झाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यानं तेव्हाही दोन-तीन काढले.

रात्री आम्ही निवडायला बसलो. माझी आणि मावसभावाची पसंती एकच, गोष्ट सांगतानाचा हसरा फोटो. डोळ्यांत खिडकी, गालावर तो त्रिकोण, अगदी सरांना दाखवावा असा. आजींनी सगळे पाहिले आणि शेवटच्या दोन-तीनांतला एक निवडला, खिडकीकडे मान वळलेला, न हसणारा. मी कारण विचारलं.

"यात कुडी नीट दिसतेय. आणि पदर जागेवर आहे."

दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानातून दोन प्रती मॅट कागदावर काढून आणल्या. चकचकीत कागद काचेमागे पुन्हा चमकतो, म्हणून मॅट. काकांचा मटार सोलतानाचा फोटोही सोबत छापायला दिला होता. मोठा केल्यावर तो आणखी थोडा पुसट झाला. आधार कार्डाचा फोटो उतरवून मावसभावानं तो त्या खिळ्याला लावला. आजी सकाळी भिंतीपाशी आल्या, चार हात जोडले गेले, म्हणजे चारही फोटोंना.

त्यांची एक प्रत साताऱ्याला भावाकडे गेली. दुसरी त्यांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायला लावली आणि भिंतीवरची जागाही दाखवून ठेवली, सासऱ्यांच्या डाव्या हाताला, तिथे खिळा मारून ठेवायचा नाही असंही बजावलं. मावसभावाकडे आता संध्याकाळी रांग असते. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता, एका गिऱ्हाइकाला दाढीखाली सावली पडते त्याचं काय करू म्हणून. मांडीवर पांढरा सनबोर्ड आडवा ठेव, म्हटलं. मग आजींची चौकशी केली. तब्येत बरी आहे. फोटो कपाटातच आहे.